राऊच्या चढावर गाडी तापते

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोणी धड बसून जेवल्याचं मला आठवत नाही. बाबा ताटावरून उठायचे, दारात जाऊन गाडीकडे बघायचे, परत येऊन एक घास घ्यायचे आणि 'पंख्याचा पट्टा सरकत असेल का?' असं समोरच्या भिंतीला विचारायचे. आई म्हणायची, "अहो, आमटी गार होतेय." त्या दिवसांत आमच्याकडे गार होणारी तेवढी एकच वस्तू होती.

गाडी तापत होती. गावात अजिबात नाही. घरून निघालं, भंवरकुआंचा चौक ओलांडला, तरी तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधोमध असायचा. राऊच्या अलीकडे तो चुळबुळ करायला लागायचा आणि राऊ संपून पुढचा लांबलचक चढ सुरू झाला की सरळ लाल पट्टीत. मग बोनेटच्या फटीतून वाफ, मग शिट्टी, मग रस्त्याच्या कडेला आम्ही. तो चढ म्हणजे काही घाट नव्हे. सायकलवाले गप्पा मारत चढून जायचे आणि जाता जाता आमच्याकडे बघून हसायचे.

मिल बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. आधी 'तात्पुरती' बंद झाली, मग 'बोलणी चालू आहेत' म्हणून बंद राहिली, आणि मग त्याबद्दल कोणी बोलेनासंच झालं. आजोबा त्या मिलमध्ये क्लार्क म्हणून इंदूरला आले होते आणि बाबा तिथेच सूत खात्यात मेन्टेनन्सचे फोरमन झाले. आमच्याकडे घड्याळ भोंग्यावर लावायचे आणि पाहुण्यांना जेवायला बोलावताना आधी शिफ्ट बघायचे. आता भोंगा नव्हता, शिफ्ट नव्हती, आणि बाबा दिवसभर घरात होते. दिवसभर घरात असलेला माणूस किती जागा व्यापतो हे आम्हाला तेव्हाच कळलं. ते कपाटाच्या बिजागऱ्या काढून परत बसवायचे. चांगला चालणारा पंखा उतरवून साफ करायचे. आईच्या शिवणयंत्राला इतकं तेल पाजलं की आठवडाभर प्रत्येक कापडावर डाग पडले.

गाडीही मिलचीच. मॅनेजरसाहेबांची जुनी, इंग्रजी बनावटीची, गोल नाकाची, गडद हिरवी. साहेबांनी नवी घेतल्यावर ही शेडमध्ये धूळ खात पडली होती. बाबांनी ती मागून घेतली आणि कित्येक रविवार घालवून उभी केली. तेव्हापासून ती घर ते मिल, मिल ते घर एवढंच धावत आली होती. सणासुदीला राजवाड्यापर्यंत, तेही गर्दी टाळून भल्या सकाळी. तेवढ्यात ती कधी तापली नव्हती.

तापायला लागली ती पीथमपूरमुळे.

झालं असं की बाबांच्या हाताखालचा एक इलेक्ट्रिशियन मिल बंद पडताच पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात लागला होता. पेपरात रोज बाजार खुला झाल्याच्या बातम्या, आणि तिकडे माळावर रोज एक नवीन पत्र्याची शेड. एका रविवारी तो नव्या मोटरसायकलवरून आमच्याकडे आला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडे मेन्टेनन्सला सुपरवायझरची जागा निघतेय. मी बोलून ठेवलंय. तुम्ही बस एकदा येऊन भेटून जा. पण जल्दी या हं, ते लोक जास्त रुकणार नाहीत."

आईनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. बाबांनी विचारलं, "मशिनं कुठली आहेत?"

"सगळी बाहेरची साहेब. कॉम्प्युटरवर चालतात. हात काळेच होत नाहीत."

बाबा नुसतं "हं" म्हणाले. मग म्हणाले, "येतो ना. याच हफ्त्यात येतो. गाडी घेऊनच येतो."

गाडी घेऊन निघाले, राऊच्या चढावर तापली, परत आले. झालं. तिथून त्या नोकरीच्या आड गाडी येऊन उभी राहिली. "गाडी ठीक झाली की जातो." मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते आणि मुळातच मला धीर कमी. मी म्हणाले, "बाबा, सरवटे बसस्टँडवरून बस जाते. बसमध्ये बसा आणि जा."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना उघड्या अंगानं जायला सांगितलं होतं. "इतकी वर्षं त्या माणसानं मला साहेब म्हटलंय. त्याच्या फाटकावर मी बसमधून घाम पुसत उतरू?"

"मग टेम्पोनं जा."

आईनं मला डोळ्यांनी दटावलं. नंतर एकटीला गाठून म्हणाली, "तोंड वाजवू नकोस. तू बरोबर जात जा. एकटे गेले की परतच येतात." तिनं त्यांचा बरा पांढरा शर्ट काढून, इस्त्री करून हँगरला अडकवून ठेवला होता. दर खेपेला बाबा तो घालून निघायचे, रस्त्याच्या कडेला घामानं भिजवून आणि काळे हात पुसून परत आणायचे. ती तो परत धुवायची आणि परत इस्त्री करायची. एकदाही कुरकुरली नाही, पण तिच्या इस्त्रीचा आवाज वाढत चालला होता.

आता बाबांची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा उन्हाळा तिनं खाल्ला. मिलमध्ये यंत्र बिघडलं की त्यांचा एकच नियम असायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारलं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि दोष कळला नाही म्हणजे यंत्र दुरुस्त झालं नाही, फक्त गप्प बसलं. नियम उत्तम आहे. पण मिलमध्ये चालवून बघायला बटण दाबलं की झालं. इथे चालवून बघायचं म्हणजे पांढरा शर्ट, मी, पाण्याचे डबे, आणि थेट राऊचा चढ.

पहिल्यांदा त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. त्याची स्प्रिंग ढिली असली तर दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. राऊच्या चढावर गाडी तापली. मग नळी लावून उलट्या बाजूनं पाणी सोडून रेडिएटर धुतला. उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं पाणी निघालं आणि सगळ्या गल्लीला आनंद झाला, सापडला म्हणून. गाडी तापली. मग तो काढून पोलोग्राउंडला रेडिएटरवाल्याकडे नेला, त्यानं वरचा भाग उघडून नळ्यांमधून सळ्या घातल्या. तापली. पट्टा नवा टाकला. तापली. मग ठिणगी उशिरा पडत असेल म्हणून टायमिंग थोडं पुढे घेतलं. त्या खेपेला गाडी इतकी जोमात निघाली की मी बोलून गेले, "बाबा, आज आपण पोचतो." आणि म्हणेपर्यंत वाफ.

गल्लीत सगळे मिलचेच. सगळे रिकामे. बोनेट उघडलं की लेंगे-बनियन घातलेले आठ-दहा तज्ज्ञ भोवती जमायचे आणि काथ्याकूट सुरू व्हायचा. त्यांचे पुढारी समोरचे काका. ते मिलच्या बॉयलरवर होते, म्हणजे पाणी आणि वाफ हा आपलाच प्रांत असं त्यांचं ठाम मत. ते आपल्या ओट्यावरून उतरायचे, लुंगी सावरायचे आणि वाकून आत न बघताच निकाल द्यायचे.

"भिया, गॅस्केट उडालंय तुमचं. लिखके ले लो."

गॅस्केट उडालं की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, म्हणून बाबांनी गाडी चालू ठेवून ते येतात का ते दाखवलं. येत नव्हते.

"तो फिर पाणीच खराब आहे तुमचं. बोअरिंगचं टाकता ना? बॉयलरमध्ये असं पाणी टाकलं असतं तर नोकरी गेली असती आपली."

यावर सगळे हसले, आणि हसता हसता थांबले. काका स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. बाबांनी पान्याला लागलेलं ग्रीस पुसलं आणि उगाच दुसऱ्या पान्याला लावलं.

मला या सगळ्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर त्या वयात मला प्रत्येक गोष्टीचा राग यायचा, पण याचा जास्त. पीथमपूरला एक जागा रिकामी होती, ती कोणासाठी थांबणार नव्हती, आणि इथे पुरुषमंडळी पाण्याचा पंप काढून त्याच्या पात्यांची तब्येत बघत बसली होती. पंप ठणठणीत होता. इलेक्ट्रिशियनचा एकदा शेजारच्या दुकानात फोन आला. "साहेब, कधी येताय?" बाबा फोनवर मोठ्यानं म्हणाले, "बस, आता जवळजवळ सापडलाय फॉल्ट." आई आमच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, "तुझं ते फिजिक्स काय कामाचं?" प्रश्न रास्त होता.

फिजिक्सनं काहीच केलं नाही. केलं ते माझ्या चिडकेपणानं.

पंप परत बसवल्यानंतरची खेप होती. चढावर, नेहमीच्याच कडुलिंबापाशी गाडी थांबली. बाबा वाफ ओसरायची वाट बघत डब्यातलं पाणी हलवत होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी वैतागून गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, तोल जाऊन पुढे झुकले आणि आधारासाठी हात टेकला तो थेट रेडिएटरच्या खालच्या अंगाला. भाजलं म्हणून मी किंचाळलेसुद्धा. मग लक्षात आलं की भाजलेलं नाही. मी परत हात लावला. खालची जाळी कोमट. तिथून निघून इंजिनाकडे जाणारा जाड पाइप तर उन्हातल्या नळाइतकाही गरम नव्हता.

"बाबा, हे गार आहे."

"असं कसं? वाफ येतेय."

"वर येतेय. खाली हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. मग दुसरा हात लावला. मग त्यांनी फडकं गुंडाळून बोटानं इंजिनाच्या माथ्यावरून एक एक पाइप चाचपायला सुरुवात केली. माथा आणि पंप यांच्यामध्ये एक बोटभर लांबीची आखूड नळी होती. तिला हात लावताच त्यांनी तो झटकला.

"पाणी गार व्हायला जातच नाहीये," ते म्हणाले. "शॉर्टकटनं परत आत शिरतंय."

आणि ते रस्त्याच्या कडेला, त्या इस्त्रीच्या पँटीनिशी, मातीत बसले.

तिथे बसून त्यांनी मला समजावलं ते असं. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नसतं, म्हणून वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. तोपर्यंत पाणी त्या आखूड नळीतून आतल्या आत फिरतं. इंजिन तापलं की झडप उघडते, रेडिएटरची वाट मोकळी होते, आणि या गाडीत तीच झडप उघडता उघडता आखूड नळीचं तोंड बंद करते. आता आपल्याकडे इंदुरात, कुठल्याही मेकॅनिककडे जुनी गाडी नेली की तो पहिली गोष्ट काय करायचा, तर थर्मोस्टॅट काढून फेकायचा. "विलायतेच्या थंडीसाठी आहे हे, भिया. आपल्याकडे काय काम याचं?" सगळेच काढायचे. बाबांनीही गाडी उभी केली तेव्हा स्वतःच्या हातानं काढला होता. झडप गेली, तेव्हापासून आखूड नळीचं तोंड उघडंच. घर ते मिल एवढ्या अंतरात त्यानं काही बिघडत नव्हतं.

"मी सगळं तपासलं," बाबा म्हणाले. "जे आहे ते सगळं. जे काढून टाकलं ते कसं तपासणार?"

मला वाटलं ते खचतील. पण ते उठले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. दोष सापडला होता. आम्ही गाडी गार करून परत फिरलो आणि परतीच्या वाटेवर त्यांनी मला इतक्या वेळा 'शाबास' म्हटलं की मीच लाजले.

त्या गाडीचा थर्मोस्टॅट गावात कुठे मिळणार? स्पेअर पार्टवाले हसले. त्यांच्याकडे आता नव्या छोट्या गाड्यांचे भाग भिंतभर टांगलेले होते. तेव्हा बाबांनी ठरवलं की आखूड नळीच्या तोंडात पितळेचं बूच बसवायचं, मध्ये बारीक भोक ठेवून, म्हणजे थोडं पाणी फिरत राहील आणि बाकीचं मुकाट्यानं रेडिएटरकडे जाईल. पोलोग्राउंडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये धातू कातायचा लेथ होता. मीही गेले. मालक म्हणाला, "बनवून देतो भिया, माप द्या." बाबा म्हणाले, "मी स्वतः करू का?"

मिल बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं स्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. बाहीच्या घड्या घातल्या, चष्मा पुसला, आणि पितळेचा तुकडा फिरायला लागल्यावर त्यांचे खांदे खाली आले. महिनोन्महिने ज्या माणसाचा एक पाय सतत हलत होता तो दोन्ही पायांवर उभा होता. बूच तयार झालं. अंगठ्याच्या पेराएवढं, झळझळीत. मालकानं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "वा!" बाबांनी ते रुमालात बांधलं आणि घरी येईपर्यंत दोनदा उघडून पाहिलं.

त्या संध्याकाळी गल्लीत सभा भरली. बाबांनी काकांच्या ओट्यावर खडूनं इंजिन काढलं, पाण्याचे बाण काढले, आखूड नळी काढली. काकांनी ते डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाले, "हेच तर मी म्हणत होतो, की पाण्याची गडबड आहे." कोणी त्यांना अडवलं नाही. उद्याची खेप म्हणजे मॅच असल्यासारखं वातावरण होतं. राऊचा चढ चढणार की नाही यावर चहाच्या पैजा लागल्या. बाबा मधोमध उभे होते, आणि मिलमध्ये ते कसे उभे राहत असतील ते मला त्या दिवशी दिसलं.

सकाळी आईनं शर्ट दिला. या वेळी तिनं कॉलरलाही कडक इस्त्री केली होती. मला हळूच म्हणाली, "आज पोचवच त्यांना."

भंवरकुआं गेलं. क्लासेसच्या नव्या पाट्यांखाली पोरांच्या सायकलींची रांग लागली होती. राऊ आलं. काटा मध्यावर. राऊ संपलं, चढ लागला. आम्ही दोघंही रस्त्याकडे न बघता काट्याकडे बघत होतो, आणि एका ट्रकनं भोंगा वाजवून आम्हाला शुद्धीवर आणलं. कडुलिंब आला. कडुलिंब गेला. काटा मध्यावर. मी ओरडले. बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. चढाच्या माथ्यावर त्यांनी गाडी जराही हळू केली नाही. पुढे मोकळा माळ, लांबवर पत्र्याच्या शेडची रांग, आणि माझा जीव भांड्यात पडला. आईला काय काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले.

कारखान्याचं फाटक निळं होतं. समोर बाबांनी गाडी थांबवली, उतरले, आणि बोनेट उघडलं.

मला वाटलं सवयीनं उघडलं असेल. मी खाली उतरून थांबले. ते आत वाकून बूच बसवलेली जागा बघत होते. मग पट्टा दाबून पाहिला. मग तेल मोजायची कांडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. वॉचमन आमच्याकडे बघत होता.

"बाबा, काटा मध्यावर आहे."

"हो. पाणी एकदा बघून घेतो."

"पाणी ठीक आहे. गाडी चांगली झालीय. आत चला."

ते तसेच वाकून राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बोनेटच्या आतून आवाज आला. "आत विचारतील, तुम्हाला काय काय येतं. काय सांगू? मला आपली मिल येते. दुसरं काही नाही येत बेटा."

इतके दिवस मला वाटत होतं की ते हट्टी आहेत, त्यांना मान हवा आहे, बस नको आहे. त्यांना भीती वाटत होती. माझ्या बाबांना भीती वाटते हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, आणि ते कळल्यावर काय करायचं असतं तेही माहीत नव्हतं. मी त्यांच्या हातातली कांडी घेतली, जागेवर घातली, बोनेट लावलं. म्हणाले, "गाडीचा दोष कसा सापडला तेच सांगा." ते हसले नाहीत, पण शर्ट खोचून फाटकातून आत गेले. मागून ते मला बुटके वाटले.

फार वेळ लागला नाही. बाबा बाहेर आले तेव्हा बरोबर तो इलेक्ट्रिशियन होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहरा पडलेला. "साहेब, मी किती दिवस टाळत होतो त्यांना," तो म्हणत होता. "पण मागच्या हफ्त्यात घेतलाच त्यांनी एक जण. मी तुम्हाला फोन करणार होतो, पण हिंमत नाही झाली."

"अरे, ठीक आहे. चालायचंच," बाबा म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला आजही सहन होत नाही. त्यांची सुटका झाली होती. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखे ते उजळले होते. इलेक्ट्रिशियननं काहीतरी बोलायचं म्हणून गाडीकडे बघून म्हटलं, "गाडी मस्त ठेवलीत साहेब." झालं! बाबांनी लगेच बोनेट उघडलं आणि त्याला ती आखूड नळी, ते बूच, ते भोक, सगळं समजावून दिलं. तो उन्हात उभा राहून "वा साहेब" म्हणत राहिला. मी गाडीत जाऊन बसले आणि दार आपटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

परत येताना गाडी अशी चालली की पूर्वी कधी चालली नसेल. काटा हलला नाही. बाबा राऊपर्यंत बोलत होते, या बुचाला पुढे काय सुधारणा करता येईल ते. भंवरकुआंच्या गर्दीत त्यांचा आवाज कमी झाला. आमच्या वळणावर आलो तेव्हा बुचाचा विषय संपला होता. आता त्यांनाही कळायला लागलं होतं की घरी जाऊन काहीतरी सांगावं लागणार.

गल्लीत सगळे ओट्यांवर बसून वाट बघत होते. आई दारात होती. काका उठून पुढे आले, लुंगी सावरत, भलतेच उत्सुक.

"काय भिया, चढली का राऊ? पोचलात?"

बाबांचा हात दारावर होता. पोचलो म्हटलं असतं तर नोकरीचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि तो सगळ्या गल्लीच्या तोंडावर तयार होता. सगळ्या गल्लीत कोणाकडेही काम नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"नाही ना भिया," बाबा म्हणाले. "चढावर परत तापली. अर्ध्यातून फिरलो."

"अरेरे!" काका म्हणाले, आणि ओट्याओट्यांवरून 'अरेरे' पुढे सरकत गेलं. कोणीतरी पैज जिंकल्याचं हळूच बोललं. लेथवर उभे राहून केलेलं ते झळझळीत बूच, दोष सापडल्यावरचे ते चमकणारे डोळे, सगळं त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण काकांनी बघितलं. "खरंच तापली का गं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

आई पायरी उतरून आली. तिनं बाबांचा शर्ट बघितला. न भिजलेला, बाहीला डाग नसलेला, कॉलर सकाळसारखीच कडक. मग तिनं माझा चेहरा बघितला. तिला सगळं कळलं, मला काहीच सांगावं लागलं नाही.

"अहो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग बोनेट उघडा ना. गार होऊ दे जरा."

बाबांनी बोनेट उघडलं. आणि व्यवस्थित चालणाऱ्या त्या इंजिनासमोर आम्ही तिघं, ते गार व्हायची वाट बघत उभे राहिलो.